सहाशे सतरा अंकी दाजी

सुमती मगदूमनं लग्न केलं नाही याचं दुःख खुद्द सुमतीला जेवढं झालं नसेल तेवढं तिच्या धाकट्या बहिणीला, त्रिशलाला झालं होतं. त्यामुळे सत्तरीला टेकलेली आपली अक्का दिवसभर एका संख्येत डोकं घालून बसते, हे दिसल्यावर त्रिशलानं संधी सोडली नाही. त्या संख्येला ती दाजी म्हणायला लागली.

“आज काय म्हणतायत दाजी?” सकाळचा चहा हातात घेऊन ती विचारायची.

“विषम आहेत.”

“ते पहिल्या दिवशीच सांगितलंस की. आणखी?”

“तिनानं भाग जात नाही. सातानं नाही, अकरानं नाही, तेरानंही नाही. कुणाला दाद म्हणून देत नाहीत.”

“मग तुझ्याच जोडीचे आहेत बघ,” असं म्हणून त्रिशला खुदकन हसायची, आणि तिच्या हातातला कप हलायचा नाही. सुमतीचं लक्ष दाजींपेक्षा त्या कपाकडेच जास्त असायचं.

कप हलत नव्हता तो त्रिशलाच्या छातीत बसवलेल्या डब्यामुळे. पंचावन्नाव्या वर्षी तिला कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला, मग चालताना पावलं अडायला लागली, आणि मग आवाज खोल जात जात नाहीसाच झाला. जयसिंगपुरातलं अकराव्या गल्लीतलं ते घर तेव्हा खरं हादरलं, कारण त्या घरात बोलायचं काम त्रिशलाकडेच होतं. सुमतीनं सांगलीच्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवलं होतं. संख्यांचे गुणधर्म हा तिचा जीव की प्राण, आणि माणसांशी बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. नवरा गेल्यावर त्रिशला बहिणीकडे राहायला आली आणि तेव्हापासून दूधवाल्यापासून बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंडितजींपर्यंत सगळ्यांशी दोघींच्या वाटचं तीच बोलत आली होती.

औषधं पुरेनाशी झाली तेव्हा मिरजेच्या डॉक्टर पुष्पा लोंढे यांनी ‘तोल’ बसवायचं सुचवलं. हे बंगळूरच्या एका कंपनीचं यंत्र होतं. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत काड्यापेटीएवढा डबा, आणि त्यातून मानेतून वर जाऊन मेंदूत खोलवर उतरलेल्या दोन बारीक तारा. मेंदूतल्या ज्या जागी गडबड व्हायची तिथं हा डबा विजेचे अगदी हलके ठोके देत राहायचा. ऑपरेशननंतर डबा सुरू केला तेव्हा त्रिशलानं डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात विचारलं, “अक्का, जेवलीस का?” सुमती दवाखान्याच्या त्या खोलीत सगळ्यांसमोर रडली होती.

डबा किती जोरात आणि किती वेळानं ठोके देणार, हे आजार वाढेल तसं बदलावं लागतं. त्यासाठी डॉक्टर डब्याला आज्ञा पाठवतात. आता माणसाच्या मेंदूला आज्ञा पाठवायची म्हणजे ती भलत्याच कुणी पाठवता कामा नये. काही वर्षांपूर्वी परदेशात एका टोळीनं हृदयातली यंत्रं बंद पाडून खंडणी मागितली होती. तेव्हापासून दोन नियम झाले. एक, प्रत्येक आज्ञेवर कंपनीची गणिती सही हवी. दुसरा, अशी प्रत्येक आज्ञा सहीसकट एका जाहीर फलकावर लागली पाहिजे. जगातल्या कुणालाही ती तिथं पाहता येते, आणि डबा आज्ञा उचलतो तो फक्त त्या फलकावरूनच. लपूनछपून कुणाच्या डोक्यात काही ढवळाढवळ होऊ नये म्हणून ही व्यवस्था.

सहीचं गणित मात्र फार जुनं. एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव किती, हे शाळेतलं पोर कागदावर मांडून सांगेल, ८६३३. पण नुसतं ८६३३ सांगून हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहे असं विचारलं, तर भले भले डोकं खाजवत बसतील. ज्यांना दुसऱ्या कशानंच भाग जात नाही अशा दोन मूळ संख्या घ्यायच्या, त्याही तीनशेहून जास्त अंकी, आणि त्यांचा गुणाकार करायचा. तो गुणाकार सहाशे सतरा अंकी. तोच एक गुणाकार सगळ्या डब्यांच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो आणि आलेली सही खरी की खोटी हे डबा त्यावरून ताडून बघतो. सही करायची तर मात्र त्या दोन मूळ संख्याच माहीत हव्यात. त्या कंपनीच्या तिजोरीत.

सुमती लहानपणी बस्तीतल्या पाठशाळेत पल्याचं मोजमाप शिकली होती. एक योजन खोल खड्डा कोकराच्या केसांच्या टोकांनी गच्च भरायचा आणि शंभर वर्षांनी एक केस काढायचा. खड्डा रिकामा व्हायला जो काळ लागेल ते एक पल्य. एकेका संख्येनं दाजींना भाग देऊन बघायचं म्हटलं, तर तो खड्डा कितीतरी वेळा भरून रिकामा झाला असता.

मग कंपनी बुडाली. बुडताना किल्ली, म्हणजे त्या दोन मूळ संख्या, भलत्याच्या हाती पडू नये म्हणून तिचा नाश करावा, असं करारात एक कलम होतं, आणि नेमकं तेवढंच कलम कंपनीनं तंतोतंत पाळलं. देशभरातल्या सहा हजार माणसांच्या छातीत कुलूप राहिलं आणि किल्ली कुणाकडेच उरली नाही.

डब्याला दीड वर्षात नवी आज्ञा मिळाली नाही, की तो हळूहळू मंद होत शेवटी बंद पडतो आणि मग कुणाचंच ऐकत नाही. जुनीच आज्ञा कुणाच्या डोक्यात वर्षानुवर्षं चालू राहू नये म्हणून शहाण्या माणसांनी तशी सोय केली होती. बहुतेकांनी कंपनी बुडायच्या जरा आधी नवी आज्ञा घेतली होती. त्यांच्या हाताशी वेळ होता, तेवढ्यात त्यांचे डबे आणि तारा काढून दुसऱ्या बसवायचं काम सरकारनं हाती घेतलं होतं. त्रिशलाची तेव्हाची भेट मात्र चुकली होती. त्याच आठवड्यात शेजारच्या गावी पंचकल्याणक पूजा होती आणि तिच्याकडे वाढपाचं काम होतं. “देवाचं काम आहे अक्का. डॉक्टर काय पळून चाललेत?” असं ती म्हणाली होती. डॉक्टर कुठंच पळाल्या नाहीत, कंपनी पळाली. तारा बदलायच्या तर पुन्हा कवटी उघडायला हवी, आणि मधल्या काळात तिच्या मेंदूत एकदा रक्तस्राव होऊन गेला होता. “टेबलावरून परत येणार नाहीत त्या,” डॉक्टर लोंढेंनी सुमतीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

त्रिशलाचा डबा जुलैच्या शेवटी बंद पडणार होता. म्हणून सुमतीनं डॉक्टरांकडून ती सहाशे सतरा अंकी संख्या मागून घेतली. काही होईल अशी तिची आशा नव्हती. पण बहीण आजारी आहे आणि आपल्याला जगात एवढी एकच गोष्ट येते, तेव्हा ती न करता बसणं तिला जमेना.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्रिशला कॉटवर फोन घेऊन पडली होती आणि एकटीच हसत होती. तिचा एक आवडता व्हिडिओ होता, कंपनीच्या उद्घाटनाचा. तो लागला की सुमती उठून आतल्या खोलीत जायची. त्या दिवशी उकाडा होता आणि पंखा बाहेरच्याच खोलीत होता, म्हणून ती बसून राहिली.

“बघ की अक्का, अज्जीनं परत तेच केलं.”

“व्हिडिओत परत तेच होणार. दुसरं काय होईल?”

“तू ये तर खरी.”

पडद्यावर हार घातलेला कॉम्प्युटर होता, पुढे नारळ, बाजूला भटजी. कंपनीच्या मालकाची आई खुर्चीत बसली होती. तिलाही कंपवात होता, तिच्यासाठीच मुलानं हे यंत्र काढलं होतं. किल्लीच्या दोन मूळ संख्या निवडायची मालकाची कल्पना मोठी गोड होती. यंत्रानं मनानं निवडलेली संख्या दुसरं यंत्र ओळखू शकतं, पण आजारी हाताची थरथर कोण ओळखणार? म्हणून आईनं काचेवर हात ठेवायचा, त्या थरथरीतून यंत्र एक भलीमोठी संख्या घेणार आणि तिथून पुढे मोजत मोजत पहिली मूळ संख्या गाठणार. मग आईनं पुन्हा हात ठेवायचा, पुन्हा नवी थरथर, आणि तिच्यातून दुसरी मूळ संख्या.

दोघींचं आजोळ चिकोडीचं, त्यामुळे कन्नड दोघींना कळायचं. तरीही त्रिशलानं सगळं समजावून सांगितलं, कारण समजावून सांगितल्याशिवाय तिला व्हिडिओ बघितल्यासारखा वाटायचा नाही.

“आता हा पोरगा म्हणतोय, इन्नोम्मे अम्मा, परत एकदा ठेवा हात. आणि अज्जी म्हणती, आयतल्ला, झालं की आता! हात पदराखाली घेतला बघ. भटजी घड्याळ दाखवायलाय, मुहूर्त संपला म्हणून. आता म्हातारीला कोण सांगणार? आणि मुहूर्त गेल्यावर परत कोण करणार? पोरगं गप वाकलं, कायतरी दाबलं, आणि वाजवा टाळ्या!”

सुमती पडद्यावर वाकली. मग म्हणाली, “परत लाव.”

“बघ, आवडला का नाही?”

हात एकदाच टेकला होता. मग दुसरी संख्या आली कुठून? त्या पोरानं वाकून जे काही दाबलं त्यानंतर यंत्राकडे नवी थरथर नव्हती. पुढं जायला त्याच्याकडे एकच जागा होती, जिथं ते थांबलं होतं ती. पहिल्या मूळ संख्येपासून ते तसंच पुढं मोजत गेलं असणार, आणि पुढची जी मूळ संख्या लागली ती त्यानं दुसरी म्हणून घेतली असणार. ज्या दोघी एकमेकींपासून कल्पनेपलीकडे लांब असायला हव्यात, त्या एकाच गल्लीत शेजारी शेजारी राहत होत्या.

आणि शेजारी असल्या की त्या सापडतात. एकोणनव्वद आणि सत्त्याण्णव यांच्या बरोबर मध्ये त्र्याण्णव. त्र्याण्णवचा वर्ग ८६४९. त्यातून ८६३३ वजा केले की उरतात सोळा, म्हणजे चाराचा वर्ग. आता त्र्याण्णवातून चार वजा करा आणि त्र्याण्णवात चार मिळवा. एकोणनव्वद आणि सत्त्याण्णव. भागाकार करत बसायची गरजच नाही, नुसतं वर्गमूळ काढता आलं पाहिजे. ही युक्ती शेकडो वर्षं जुनी आहे आणि सुमतीनं ती दर वर्षी मुलांना शिकवली होती, बहुतेकदा दुपारच्या, पेंगुळलेल्या तासाला.

ती आत गेली. तिनं कॉम्प्युटरवर दाजींचं वर्गमूळ काढलं, पुढचा पूर्णांक घेतला, त्याचा वर्ग केला आणि त्यातून दाजी वजा केले. सहाशे सतरा अंकांतून सहाशे सतरा अंक वजा झाले आणि खाली उरले फक्त १७१३९६. चारशे चौदाचा वर्ग.

डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं सगळं. इतकं सोपं निघालं याचा तिला आधी रागच आला. मग असा आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. जन्मभर ती ज्या विषयाच्या मागे लागली होती, त्याचा आज पहिल्यांदा घरातल्या कुणाला तरी उपयोग होणार होता. ती तशीच उठून बाहेर आली.

त्रिशला फोनवर बोलत होती. स्पीकरवर पलीकडे सईदा मोमीन होती, इचलकरंजीची. मागावर काम करणारी, चौतिशीतली बाई. डॉक्टरांच्या दारात नंबर यायची वाट बघताना त्रिशलानं तिला बोलतं केलं आणि तेव्हापासून दोघींची गट्टी. सईदाच्याही छातीत तोलच होता. तिच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या फेब्रुवारीत होती.

“मावशी, आमची नूरी शाळेत नाचली बघा परवा,” सईदा सांगत होती. “मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.”

सुमती दारातच थांबली. कारण आज्ञा लावायची म्हणजे फलकावर लावायची, आणि फलक सगळं जग बघतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मिरजेला गेली.

“समजा डॉक्टर,” ती म्हणाली, “उद्या फलकावर तोलची एखादी नवी आज्ञा दिसली. खऱ्या सहीची.”

डॉक्टर लोंढेंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि उठून दार लावून घेतलं. “समजाच्या पुढं मला काही सांगू नका मॅडम. मला कळलं तर मला वर कळवावं लागेल, आणि वर गेलेली गोष्ट झाकून राहत नाही.”

“बरं. नुसतं समजा.”

“किल्ली नष्ट झालीय हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आज त्या संख्येकडे कुणी बघतसुद्धा नाही. पण सही दिसली की कळणार, कुलूप कच्चं आहे. संध्याकाळपर्यंत हजार डोकी त्याला भिडतील. कुलूप खरोखरच कच्चं असलं तर किती वेळ लागेल?”

सुमतीला चारशे चौदा आठवले. “फार नाही,” ती म्हणाली.

“मग सहा हजार माणसांच्या मेंदूची किल्ली रस्त्यावर पडली. डबा एकदम बंद केला तर माणूस लाकडासारखा ताठतो, श्वाससुद्धा अडतो. ठोके एकदम वाढवले तर काय होतं ते मी सांगत नाही.”

“आपणच सगळ्यांचे डबे आधी बंद करून ठेवले तर?”

“हळूहळू उतरवावं लागतं. प्रत्येकाला खाट हवी, माणूस हवं. म्हणून तर दीड वर्ष लागतंय.”

“आणि चिपमधली संख्याच बदलली तर?”

“कुणाला बदलता येऊ नये म्हणूनच कोरलीय ती.” डॉक्टर दार उघडायला उठल्या. “माझी बहीण असती तर मी काय केलं असतं, हे मात्र मला विचारू नका.”

येताना अंकलीच्या पुलावर बस बराच वेळ अडकली. खाली कृष्णेचं पाणी आटलं होतं. सुमतीनं तिथं बसून एका गोष्टीचा फार विचार केला, की हे त्रिशलाला विचारायचं का. ती ‘कर’ म्हणाली तर तिला नाही म्हणण्याची ताकद आपल्यात नाही. आणि ‘नको’ म्हणाली, तर आपण तिचा जीव तिच्याकडूनच मागून घेतल्यासारखं होईल. त्यापेक्षा तिला काही कळूच नये, हे ओझं आपण एकटीनं उचलावं, हीच खरी माया. असं तिनं स्वतःला पटवलं, आणि बस सुटेपर्यंत तिला ते पटलंसुद्धा.

जुलै लागला तसा डबा मंद व्हायला लागला. त्रिशलाच्या बशीत चहा सांडायला लागला. मग सुमती कप अर्धाच भरायला लागली. त्रिशलाचे फोन कमी झाले, वाक्यं तुटायला लागली, आणि एके सकाळी तिनं विचारलं ते सुमतीला दोनदा ऐकावं लागलं.

“दाजी... काही बोलले?”

सुमती भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

“नाही गं. ते कुठले बोलतायत.”

“मुके आहेत बिचारे,” त्रिशला म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, एकेक शब्द गोळा करून म्हणाली, “राहू दे अक्का. किती डोकं लावशील? डोळे जातील तुझे.”

सुमती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबून रडली. आयुष्यात ती बहिणीशी कधी खोटं बोलली नव्हती. आणि बहीण उलट तिलाच धीर देत होती.

शेवटच्या दिवशी, डबा बंद पडायला संध्याकाळपर्यंतचाच वेळ उरला असताना, आज्ञा तयार होती. सुमतीनं नाही म्हणता म्हणता सगळं मांडलं होतं, सहीसुद्धा करून ठेवली होती. एक बोट टेकवायचा अवकाश होता. सहा हजार माणसं तिनं पाहिली नव्हती. त्रिशलाला तर ती तिच्या पहिल्या रांगण्यापासून बघत होती. कसलं गणित नि कसलं काय, असं म्हणून ती खुर्चीवर बसलीसुद्धा. तेवढ्यात बाहेरची कडी वाजली.

सईदा आली होती, पोरीला घेऊन. तिला तारीख माहीत होती. इचलकरंजीहून येताना तिनं शिरखुर्मा करून आणला होता, आणि घरात आल्या आल्या, काही न विचारता ती त्रिशलाच्या शेजारी बसून तिला चमच्यानं भरवायला लागली. त्रिशलाच्या ओठांतून ओघळलेलं दूध ती पदरानं टिपत होती. चमचा धरलेला तिचा हात अगदी स्थिर होता. नूरी कॉटखाली शिरून कुणाशी तरी बोलत होती.

“अक्का, तुम्ही पण बसा की,” सईदा म्हणाली. “तुम्ही पण काही खाल्लेलं दिसत नाही.”

सुमती बसली. सईदा दिवे लागेपर्यंत थांबली आणि सुमती तोवर तिथून हलली नाही. सईदाला बसमध्ये बसवून ती घरी परत आली तेव्हा आज्ञा लावायची वेळ संपून गेली होती. आत जाऊन तिनं सगळं पुसून टाकलं. पुसून काय होणार होतं म्हणा. चारशे चौदा काही डोक्यातून पुसता येत नव्हते.

डबा बंद पडला. त्रिशला दवाखान्यात राहून घरी आली, ती स्ट्रेचरवरून. आता तिला उठवावं लागायचं, वळवावं लागायचं, पाणीसुद्धा घट्ट करून पाजावं लागायचं. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. आतून माणूस हसत असलं काय नि रडत असलं काय, चेहरा तसाच राहतो. सुमती तो चेहरा तासन्‌तास बघायची. डॉक्टर लोंढे येऊन तपासून गेल्या आणि जाताना तिचा हात हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. फार दिवस नाहीत, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस संपले आणि क्षमावणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी सगळे जैन एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. मागणाऱ्याला ती द्यायची असते आणि त्याच्याकडे आपलीही मागायची असते. सकाळपासून गल्लीतली माणसं येत होती, हात जोडून “उत्तम क्षमा” म्हणत होती. कॉटजवळ येऊन त्रिशलालाही म्हणत होती आणि उत्तर येत नाही हे लक्षात आलं की नजर चुकवून निघून जात होती.

दुपारी घर रिकामं झालं. सुमती कॉटच्या कडेला बसली. तिनं हात जोडले, पण “उत्तम क्षमा” म्हणून तिला थांबता येईना.

“त्रिशे, मी तुझ्याशी खोटं बोलले,” ती म्हणाली. “मला सापडलं होतं. मे महिन्यातच. तूच दाखवलंस, त्या अज्जीचा हात. मला तुला बरं ठेवता आलं असतं. मी केलं नाही. सईदा होती, आणि सईदासारखी सगळी ती माणसं. तुला विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील याची मला भीती वाटली. दोन्हीकडून भीती वाटली. माझं काय चुकलं नि काय बरोबर, ते मला अजून कळत नाही. पण तुझी क्षमा मागते.”

त्रिशला तिच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग गळ्याची शीर ताणली गेली. ओठ हलायला लागले, थांबले, पुन्हा हलायला लागले. सुमतीनं कान तिच्या तोंडाशी नेला. श्वासाचा आवाज येत होता, आणि त्या श्वासातून, महिन्याभरात पहिल्यांदा, शब्द आले.

“विचारायचं... होतंस.”

“हो गं,” सुमती म्हणाली. “विचारायचं होतं. विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? सांग की. आता तरी सांग.”

ओठ पुन्हा हलले. बराच वेळ हलत राहिले. त्रिशला काहीतरी पूर्ण सांगत होती, लांबलचक, तिच्या पद्धतीनं सगळं समजावून सांगत होती, पण आवाज नव्हता. सुमतीनं कान अगदी टेकवून धरला. ओठांची हालचाल तिला गालावर कळत होती, शब्द कळत नव्हते. मग ती हालचालही थांबली आणि त्रिशलानं दमून डोळे मिटले.

दारात चपला काढल्याचा आवाज झाला. पलीकडच्या घरातली नवी सून पदर सावरत आत आली आणि वाकून नमस्कार करून म्हणाली, “उत्तम क्षमा, सुमतीअक्का. वर्षभरात आमच्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा.”

सुमतीनं डोळे पुसले, बहिणीचा हात पांघरुणात ठेवला आणि उठून उभी राहिली.

“केली बाळ,” ती म्हणाली.